अंगठा

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. सोयाबीन विकून बाबा नि मी वाशीमच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. बाबांचा मोबाईल, म्हणजे माझाच जुना, काचेला तडा गेलेला, अगदी मरायला टेकला होता. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणकाला एक वायर लोंबत होती. दुकानदाराला विचारून मी ती मोबाईलला खुपसली. लगेच पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न उमटला.

"काय म्हनते रे थे?" बाबांनी विचारले.

"काही नाही. काही विचारलं की हो म्हणायचं," पुस्तकातून मान वर न करता मी म्हणालो.

बाबांनी निमूटपणे अंगठा टेकवला.

तो प्रश्न साधा नव्हता. 'तुमच्या फोनमधील माहिती या यंत्राला पाहू द्यायची का?' असे तो विचारीत होता. चार्जिंगच्या साध्या केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. ज्या दाराने भाकर आत येते, त्याच दाराने घरातले किडूकमिडूक बाहेर जाऊ शकते! २०११ साली अमेरिकेत लास व्हेगासला संगणक-सुरक्षेच्या जाणकारांचा मेळा भरला होता. तेथे काहींनी मुद्दाम फुकट चार्जिंगचा खोका मांडला. फोन जोडला की पडद्यावर इशारा झळके. साडेतीनशेहून अधिक जण फसले, आणि तेही जाणते! आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या पुस्तिकेत हा धोका सांगितला. खरे सांगायचे तर, अशी लूट झाल्याची खात्रीची घटना आपल्याला ठाऊक नाही, असे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने म्हटले आहे. आमचेही काही गेले नाही. खात्यातले पैसे जागच्या जागी होते.

मग मन का खाते?

ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले की, लबाड चार्जर कळफलकाचे सोंग घेऊन फोनच्या प्रश्नाला स्वतःच 'हो' म्हणू शकतो. ते वाचले आणि मला आजोबा आठवले. सावकाराने त्यांचा हात धरून कोऱ्या कागदावर अंगठा उमटवला होता. दोन एकर गेले. "पोराले शिकोजो," एवढेच ते बाबांना म्हणाले. बाबांना जमले नाही. त्यांनी मला शिकवले.

आणि मी? शिकलेल्या नातवाने बापाचा अंगठा न वाचलेल्या मजकुरावर टेकवला! सावकाराला निदान हात धरावा लागला होता. मी तर मानही वर केली नाही.

आता बाबांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा चार्जर असतो; तो भिंतीतल्या प्लगलाच लावायचा. फोनची भाषा मराठी केली आहे. परवा ओसरीवर बसून प्रत्येक प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. बाबा बोट धरून एकेक अक्षर लावीत होते. मध्येच थांबून म्हणाले,

"अन् नाही म्हटलं तं फोन बंद पडन काय?"

"नाही बाबा. नाही म्हटलं तरी चार्जिंग होते."

बाबा हसले. मग जरा वेळाने, सावकाश, त्यांनी 'नाही'वर अंगठा ठेवला.