तळ्याला शिक्षा

साचलेले पाणी नासते, ही शिकवण आम्हां भावंडांना लहानपणीच मिळाली होती. तरीही रंकाळ्याने ती खोटी ठरवावी असे आम्हांला मनोमन वाटे. उन्हाळ्यात पाणी ओसरून संध्यामठ उघडा पडला की आमची दुपार तळ्यातच जाई. अशाच एका उन्हाळ्यात धाकट्याला विषमज्वर झाला. दोष तळ्याचा की नळाचा, हे कोणालाच सांगता आले नाही. शिक्षा मात्र तळ्याला झाली. ‘त्या पाण्यात पुन्हा पाय घालायचा नाही,’ असे बाबांनी बजावले.

पुढे वाचन वाढले तसे कळले, की तळे निमूटपणे साचून राहिलेले नसते. माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या जंतूंना ऊब आणि भरपूर अन्न लागते. तळ्यात त्यांची उपासमार होते. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे डाउन्स आणि ब्लंट या संशोधकांनी १८७७ सालीच दाखवले होते. अतिनील किरण जंतूंच्या डीएनएवरच घाव घालतात. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते आणि ऊन व प्राणवायू एकत्र आले की तो घाव अधिक खोल जातो. यातून वाचलेल्यांना सूक्ष्म आदिजीव गिळतात. शिवाय जंतूंनाही रोग होतात! गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले की हा गुण जातो, असे हँकिन यांनी १८९६ साली नोंदवले. १९१७ साली द’एरेल यांनी जंतूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले. असे विषाणू तळ्यांतही असतात.

हे वाचून आम्हांला आमच्या तळ्याची बाजू घेता येईल असे वाटले. पण अर्धीच घेता आली. या साऱ्या कामाला ऊन लागते आणि अवधी लागतो. पाणी गढूळले की किरण खोल पोहोचत नाहीत; जलपर्णी पसरली की ते पाण्याला शिवतही नाहीत. कित्येक जंतू मरण्याआधीच गाळात बसतात, तिथल्या अंधारात अधिक काळ तगतात आणि कोणी पाणी ढवळले की पुन्हा वर येतात. आम्ही तर दिवसभर पाणी ढवळणारीच मुले! सांडपाणी रोज येत राहिले, तर कालचे निवळण्याआधीच आजचे येऊन मिसळते. बाबांची मनाई योग्यच होती, हे आज आम्ही मान्य करतो.

एक गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली. आमच्या घराची मोरी ज्या नाल्याला मिळत होती, तो नाला तळ्याकडेच जात होता. धाकट्याच्या आजारपणातले सारे धुणेही त्याच वाटेने गेले असणार. त्या उन्हाळ्यात आम्हांला तळ्यापासून दूर ठेवले गेले. तळ्याला आमच्यापासून दूर ठेवण्याचे मात्र कोणालाच सुचले नाही.