सात जणांची पकड

रग्बी म्हणजे अमेरिकेत हेल्मेट घालून खेळतात तेच ना, असं ऑफिसात अजून विचारतात. नाही हो, ते वेगळं! पण मंडळी, मी पडलो जालन्याचा. २०२५ च्या जूनपर्यंत मलाही यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या महिन्यात मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. सहा संघ, चार-चार मिनिटांची चार सत्रं... चहा गार व्हायच्या आत सामना खलास.

एका संघात सात जण. तिथंच मला कबड्डी दिसली. कमरेत शिरून घातलेली पकड तर थेट आमचीच. गंमत एवढीच की चेंडू हातानं पुढे द्यायचा नाही, मागेच द्यायचा. पुढे जायचं तर स्वतः पळा, नाहीतर पायानं मारा. २९ जूनच्या फायनलला चेन्नई बुल्सनं दिल्ली रेड्झला ४१-० नं हरवलं. शून्य!

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा खेळाडू गल्लोगल्ली आधीच होते, लीगनं फक्त दिवे लावले. इथं दिवे आधी लागलेत. अंधेरीत हिरवंगार गवत होतं. आमच्याकडे मैदान म्हणजे मुरूम, पडलं की गुडघा सोलला.

भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, तो अंड्यासारखा बॉल कुठं मिळतो?" ऑनलाइन मागवलाय. दिवाळीत घेऊन जाणार. पकडी मात्र नांगरलेल्या वावरातच शिकवायच्या, असं ताईनं आत्ताच बजावून ठेवलंय.