तिरफळांची पुरचुंडी

मृगाचा पाऊस मुलुंड स्थानकाच्या पत्र्यांवर कोसळत होता. पश्चिमेकडील जिन्याखाली कणकवलीकडचे एक वृद्ध गुरुजी आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन उभे होते. पहाटे ते ठाण्यास उतरले, लोकलने मुलुंडला आले आणि सारा दिवस शाळाप्रवेशाच्या खटपटीत गेला. गावच्या शाळेत पटावर चारच मुले उरली होती. तेव्हा नातवाने मामाकडे राहून शिकावे असे ठरले होते. मामा कारखान्यातील पाळी संपवून नऊ वाजता स्थानकापाशी येणार होता, आणि मध्यरात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडून गुरुजी एकटेच परतणार होते. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. म्हणूनच दिवसभर तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

“भूक लागली का रे?”

“नाही, आजोबा.”

त्याचे ‘नाही’ इतक्या हळू आवाजात आले की गुरुजींनी छत्री उघडली.

रस्त्यापलीकडे लाल रंगाची एक गाडी उभी होती. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, कोठेही उतरा. दिवेलागणीनंतर अशी चायनीजची गाडी दिसायचीच. तिच्या फळीवर पिवळा ड्रॅगन रंगवला होता. रंगाऱ्याने सुसर पाहिली असावी, ड्रॅगन मात्र नसावा. कारण त्याने मिशा लावलेली सुसरच काढली होती. आत मोठ्या आवाजाने धडधडणारी शेगडी आणि तिच्यावर लोखंडाची खोलगट कढई. आचारी तरुण होता. त्याने आले, लसूण आणि हिरवी मिरची तेलात टाकली, कोंबडीचे तळलेले तुकडे घातले, सोया सॉसची धार धरली, डावभर पाणी ओतले आणि शेवटी मक्याचे पीठ कालवलेले पाणी सोडले. कढईतला पातळ रस्सा पाहता पाहता दाटला. गुरुजी कौतुकाने पाहत राहिले. त्यांच्या घरी रश्श्याला दाटपणा येई तो ओल्या नारळाच्या वाटणाने, आणि ते वाटायला पाट्यावर अर्धा तास घालवावा लागे.

“याला काय म्हणतात?” गुरुजींनी विचारले.

“चिकन मंचुरियन, बाबा.”

गुरुजींनी तीस वर्षे भूगोल शिकवला होता. मांचुरिया चीनच्या ईशान्येस आहे हे ते नातवाला लगेच सांगू लागले. वस्तुतः या पदार्थाचा मांचुरियाशी नावापलीकडे संबंध नाही. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये तो प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, मिरची हे आपल्या ओळखीचेच. वांग यांनी त्यांत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, एवढेच. चिनी माणसे बंगालमध्ये आली त्याला दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईतही माझगावला त्यांचे 1919 सालचे देऊळ आहे. 1962 च्या युद्धानंतर देशातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवली येथे स्थानबद्ध करण्यात आले; पुढे कित्येक जण देश सोडून गेले. त्यांच्या सोया सॉसची बाटली मात्र इथल्या गाडीगाडीवर येऊन बसली. चीनमधल्या जिनान शहरी साध्या खानावळीत कोंबडी आळंबी आणि आले घालून मातीच्या भांड्यात शिजवतात आणि वाफाळत्या भाताबरोबर वाढतात. तिथला एखादा प्रवासी मुलुंडला आला, तर हे कोणत्या देशाचे अन्न असे तोच विचारील!

ताडपत्रीखाली बाकावर बसून मुलाने पहिला चमचा तोंडात घातला. पावसाने गारठलेल्या अंगाला तो गरम रस्सा फार बरा वाटला. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, असे त्याने आजोबांना सांगितले. गुरुजींनी त्यावर काही विचारले नाही. आपल्या ताटलीतले दोन तुकडे त्याच्या ताटलीत सरकवले.

शेजारच्या वाटीत लालभडक चटणी होती. “शेजवान म्हणजे काय, आजोबा?”

“यांगत्से नदीकाठचा सेचवान प्रांत. तिथले एक मिरे प्रसिद्ध आहे. जिभेला मुंग्या आणणारे. या चटणीत ते नाही, नुसती मिरची आणि लसूण आहे. पण त्या मिऱ्याचे भावंड आपल्या पिशवीत आहे बघ.” असे म्हणून त्यांनी मामीसाठी आणलेली पुरचुंडी सोडली. बांगड्याच्या आमटीत घालायची ती सुकी तिरफळे.

वास दरवळताच आचाऱ्याचा डाव थांबला. तो गाडीमागून बाहेर आला. एक टरफल बोटांत चुरडून त्याने नाकाशी धरले आणि म्हणाला, “टिमुर!”

तो नेपाळच्या डोंगरातला होता. त्याने मोडक्या मराठीत आणि हिंदीत सांगितले, की त्यांच्याकडे टिमुर लोणच्यात घालतात. आई टोमॅटोच्या चटणीतही वाटते. झाड काटेरी असते आणि काढताना हात ओरबाडतात. घरी जाऊन त्याला चार वर्षे झाली होती. हे सांगताना तो टरफल नाकापासून दूर करीत नव्हता.

“आमचेही काटेरीच असते,” मुलगा म्हणाला.

“तू कुठे चाललास?”

मुलाने आजोबांकडे पाहिले. “मी इथेच राहणार आहे. मामाकडे. आजोबा आज परत जाणार.”

दिवसभर जे कोणी बोलले नव्हते, ते असे एका अनोळखी माणसापुढे बोलले गेले. गुरुजी छत्रीची मूठ पुसू लागले. ती पुसण्याजोगी ओली नव्हती.

मुलाने पुरचुंडीतली अर्धी तिरफळे कागदात बांधून आचाऱ्याला दिली. तो पैसे घेईना. गुरुजींनी मोजून त्याच्या पेटीवर ठेवले. तेव्हा त्याने डावभर गरम रस्सा मुलाच्या ताटलीत आणखी ओतला आणि तो संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

एवढ्यात मामा छत्री सावरीत जिना उतरताना दिसला.

“मामीला सांग,” गुरुजी पिशवी उचलीत म्हणाले, “राहिलेली तिरफळे गणपतीनंतर मिळतील. तू घरी येशील तेव्हा दोघे मिळून काढू.”

“गणपतीला किती दिवस?” आचाऱ्याने विचारले.

मुलगा पावसातच थांबला आणि बोटांवर महिने मोजू लागला.