‘जीवन’ शब्दाचा अर्थ

अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें ‘जीवन’ हें एक नांव आहे. मुलांकडून तें पाठ करून घेण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं; परंतु त्याचा अर्थ मला कळला तो गेल्या वैशाखांत, मोखाडे तालुक्यांतील एका वारली पाड्यावर.

माझा एक जुना विद्यार्थी तेथें शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून मी गेलों होतों. पहांटेपासून बायका डवऱ्यापाशीं बसल्या होत्या. तळाशीं पाझरणारें गढूळ पाणी करवंटीनें हंड्यांत भरावयाचें आणि पुन्हां झिरपेपर्यंत वाट पाहावयाची. दोन हंड्यांसाठीं अर्धी सकाळ जाई. एका म्हातारीनें तेंच पाणी फडक्यानें गाळून तांब्या माझ्यापुढें ठेवला. मी संकोचलों. तो संकोच केवळ आरोग्याचा होता, असें म्हणावयास मन घेत नाहीं. बालपणींचें सोंवळेंही त्यांत क्षणभर डोकावलें. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा; त्याला शंभर वर्षें होत आलीं, तरी ही गोष्ट! मीं तांब्या तोंडाला लावला.

या भागांत पाऊस थोडा पडतो असें नाहीं. तो वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो. परंतु जमीन उताराची आणि खालीं काळा खडक. पाणी मुरतें थोडें, वाहून जातें फार. फाल्गुनापासून झरे आटूं लागतात. शेजारच्या शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालीं. तें पाणी मुंबईस जातें. मुलाच्या घरीं गेल्यावर मी निश्चिंतपणें स्नान करतों तें त्याच पाण्यानें.

जलजीवन योजनेंत (२०१९) माणशीं रोज ५५ लिटर पाणी नळानें देण्याचें ठरलें. पण झराच आटला तर नळांतून काय येणार? म्हणून उतारावर चर खणावे, झऱ्याला बंदिस्त टाकी बांधावी, विहिरीला कठडा व झांकण करावें, हीं कामें आधीं हवींत.

माघांत नातवाची मुंज आहे. जेवणावळीचा निम्मा खर्च त्या झऱ्याच्या टाकीला द्यावा, असें मीं भीतभीतच घरांत सुचविलें. पत्नी म्हणाली, “अहो, मुंजींत मुलाला आधीं आचमन शिकवितात, पाणी द्यायला कधीं शिकवायचें?”

यास दान म्हणणें मला जड जातें. त्या तांब्याचें ऋण फार मोठें आहे.