आमचा फाळका

साऊथ डकोटातल्या बॅडलँड्सला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मातीच्या डोंगरांवरचे तांबडे-पिवळे पट्टे उजळले होते. अंधाराआधी ट्रेलर सोडायची घाई होती. फिफ्थ-व्हील ट्रेलर गाडीच्या मागे नाही, पिकअपच्या हौद्यात जोडतात. म्हणून जोडताना आणि सोडताना फाळका आधी पाडायचा. त्या दिवशी चाकांना ठोकळे लावले, ट्रेलरचे पाय टेकवले, वायर काढली, हिचचा खटका सोडला. फाळका तेवढा राहिला. गाडी जेमतेम फूटभर पुढे सरकली आणि धाडकन आवाज! फाळक्याला हा मोठा पोचा. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

घरी परतल्यावर दुकानदार म्हणाला, मधोमध खोल कापलेला फाळका घ्या. ट्रेलरची पिन वरून जाते, मागचंही दिसतं. सल्ला चांगलाच होता. पण आमचा संध्याकाळचा चहा, मुलांचं लटकत्या पायांनी पोहे खाणं, सगळं त्या पाडलेल्या फाळक्यावर. परदेशात तोच आमचा ओटा. आम्ही सरळच घेतला.

आता खटका सोडण्याआधी मी शाळेतल्यासारखी हजेरी घेते: ठोकळे, पाय, वायर, फाळका. मुलं ओरडतात, "हजर!"