देहाची मुखत्यारी

दिवस मावळू लागला, हवेत गारवा आला, की कुरणातील एखादी मुंगी आपल्या सोबतिणींची रांग सोडून गवताच्या पात्यावर चढू लागते, आणि शेंड्याशी पोहोचल्यावर ते पाते जबड्यात घट्ट धरून रात्रभर तेथेच लटकून राहते. सकाळी ऊन तापू लागेपर्यंत कोणा चरत्या गाईच्या वा मेंढीच्या मुखी ती गेली नसेल, तर ती खाली उतरते, वारुळात परतते, दिवसभर इतरांसारखी कामाला लागते, आणि सायंकाळी पुन्हा शेंड्यावर रुजू होते. हा नेम तिने स्वतः धरलेला नसतो. गोगलगाईने टाकलेला चिकट गोळा खाताना तिच्या पोटात एका चपट्या कृमीची पिल्ले गेलेली असतात. त्यांपैकी एक तिच्या मुखाजवळील मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसते आणि तेथून तिच्या देहाचा सारा कारभार हाती घेते. कारण त्या कृमीला पुढील आयुष्य काढायचे असते ते गुरांच्या यकृतात, आणि गाय मुंग्या वेचून खात नसली तरी गवत खाते. भर उन्हात लटकत राहिली तर मुंगी मरेल आणि तिच्याबरोबर आपणही मरू, तेव्हा दिवसा तिला मोकळे सोडावे, इतका हिशेबही त्या व्यवस्थेत बसलेला आहे.

या मुंगीची आणि माझी पहिली गाठ पडली ती प्राणिशास्त्राच्या एखाद्या गंभीर ग्रंथात नव्हे, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या, रक्तपिपासू पिशाच्चांच्या एका इंग्रजी कादंबरीत. माझी भाची सुटीत आमच्याकडे आली असता तिच्या उशाशी ते पुस्तक पालथे पडलेले होते. मी ते सरळ करून ठेवण्यासाठी उचलले आणि उघड्या पानावरची मुंगी दिसताच उभ्या उभ्या ते प्रकरण संपवले. ‘मामा, बसून तरी वाचा,’ असे ती म्हणाली तेव्हा कोठे मी बसलो.

व्हॅम्पायरच्या कथांविषयी माझे मत पूर्वीपासून प्रतिकूल आहे, आणि हे पुस्तक मनापासून आवडल्यानंतरही ते बदललेले नाही. 1819 साली लॉर्ड बायरनचा वैद्य जॉन पॉलिडोरी याने रक्तपिपासू पिशाच्चाला उमरावाचा पोशाख चढवला, 1897 साली ब्रॅम स्टोकरने त्याला काउंट ही पदवी आणि ट्रान्सिल्व्हेनियातील गढी बहाल केली, आणि तेव्हापासून हे पात्र दिवाणखान्यातून कधी उठलेच नाही. त्याची खानदानी अदब, त्याचे अमरत्व, त्या अमरत्वाचा त्याला आलेला उबग, हे सारे मला फार लवकर कंटाळवाणे होते. ज्याला मरण नाही त्याच्या दुःखात माझे मन रमत नाही. स्टोकरच्या कादंबरीतील रोजनिशी आणि पत्रे यांची गुंफण मी आजही आदराने वाचतो, पण ती काउंटसाठी नव्हे, त्याच्या पाठलागावर निघालेल्या माणसांसाठी. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्वायलाइट’ने तर शंभरी ओलांडलेल्या पिशाच्चाला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावातील शाळेच्या बाकावर देखण्या कुमाराच्या रूपात बसवले आणि जगभरच्या मुलींना वेड लावले, ते वेड मी समजू शकतो, त्यात सहभागी मात्र होऊ शकत नाही.

त्याच 2005 साली, ‘ट्वायलाइट’च्या शेजारीच म्हणा ना, स्कॉट वेस्टरफेल्ड या लेखकाची ‘पीप्स’ ही कादंबरी निघाली. तिच्यात उमराव नाहीत, गढ्या नाहीत आणि पिशाच्चही नाही. जे आहे तो एक रोग. टेक्सासहून न्यूयॉर्कला जीवशास्त्र शिकण्यास आलेला कॅल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, नव्या शहरातल्या पहिल्याच दिवसांत एका अनोळखी स्त्रीच्या सहवासात एका परजीवीची बाधा घेऊन बसतो. त्याचे दैव एवढे बरे, की तो रोगाचा केवळ वाहक ठरतो. त्याची बुद्धी शाबूत राहते, शक्ती वाढते, अंधारात दिसू लागते, मांसाची भूक अनावर होते. पण हे कळण्यापूर्वी ज्या ज्या मुलींचे त्याने चुंबन घेतले, त्या एकामागून एक वेड्या आणि हिंस्र होऊन अंधारात नाहीशा होतात. शहराच्या कारभारातच दडलेले एक पुरातन रात्र-पहाऱ्याचे खाते, ज्याला आपले दप्तर आहे, नोंदी आहेत, कॅलला या कामी तैनात करते, आणि आपल्याच हातून बाधा झालेल्या त्या मुलींना शोधून उपचारासाठी आणणे हे त्याचे कर्तव्य होऊन बसते. एकाआड एक प्रकरणात कथा थांबते आणि कॅल वाचकाला एखादा खराखुरा परजीवी समजावून सांगतो. माझी मुंगी त्यांतलीच एक.

ही मांडणी नवी असल्याची वाचकांनी वाखाणणी केली. मला ती फार जुनी वाटली, आणि म्हणूनच अधिक आवडली. पिशाच्च उमराव होण्यापूर्वी ते शेतकऱ्यांच्या वस्तीत, साथीच्या दिवसांत राहत असे. 1732 सालच्या जानेवारीत, हाब्सबुर्ग साम्राज्याच्या अमलाखालील सर्बियातील मेद्वेजा या खेड्यात, तीन महिन्यांत सतरा माणसे दगावल्याची तक्रार वरपर्यंत गेल्यावरून, फ्ल्युकिंगर नामक लष्करी शल्यवैद्य चौकशीस गेला. गावकऱ्यांची कैफियत अशी होती, की काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मेलेला आर्नोल्ड पाओले हा या साऱ्याचे मूळ आहे. फ्ल्युकिंगरने थडगी उघडवली, प्रेतांची चिरफाड केली, आणि जे दिसले त्याचा रीतसर पंचनामा लिहिला. बाळंतपणात गेलेली स्ताना नावाची वीस वर्षांची मुलगी, तिच्या छातीत साकळलेले नसलेले रक्त, तिची ताजी भासणारी आतडी, यांची नोंद त्यात आहे. आणि ज्यांची प्रेते ‘तशी’ आढळली त्यांची मस्तके उडवून, देह जाळून, राख मोरावा नदीत टाकल्याचीही. खाली वैद्यांच्या व अंमलदारांच्या सह्या आहेत. पुढे 1755 साली मारिया थेरेसा राणीने आपल्या राजवैद्याला, व्हान स्वीटेनला, या विषयाचा छडा लावण्यास सांगितले आणि त्याच्या अहवालावरून असली थडगी उकरण्यास मनाई करणारा हुकूम काढला. त्या कोरड्या सरकारी भाषेत मला जेवढे भय आणि जेवढी करुणा सापडते, तेवढी मखमली झग्यांच्या शेकडो कथांत सापडत नाही. थंडीच्या दिवसांत एका लहानशा गावात सतरा माणसे जातात, कोणालाच कारण ठाऊक नसते, आणि कारण सापडावे म्हणून जिवंत माणसे आपल्याच लेकीसुनांची थडगी उघडतात. पिशाच्चकथेचा गाभा तो आहे, आणि ‘पीप्स’चा लेखक तेथवर परत गेला आहे.

परजीवींची ती प्रकरणे वाचताना मला सारखे स्मरण होत होते ते नारूचे. आजच्या तरुण वाचकाला नारू म्हणजे काय हे सांगावे लागेल, आणि सांगावे लागते हीच केवढी सुखाची गोष्ट आहे!

मराठवाड्यातील माझ्या आजोळी गावाबाहेर एक जुनी बारव होती. वीस-पंचवीस दगडी पायऱ्या उतरून गेल्यावर गार, हिरवट पाणी लागे. बायका शेवटच्या बुडत्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून कळशा भरत, आणि उन्हाळ्यात पाणी जसजसे खाली जाई तसतशी ही पायरीही खाली सरके. दरवर्षी चैत्र-वैशाखात गावातील काहीजण बाजेवर पडत. आमच्या घरी नाना म्हणून सालगडी होता. उंच, काटक, एकट्याने मोट धरणारा. एका उन्हाळ्यात त्याच्या घोट्याच्या वर बोराएवढा फोड आला. तो दोन-तीन दिवसांत फुटला, आणि त्या जखमेच्या मधोमध शेवयीच्या टोकासारखे काहीतरी पांढरे दिसू लागले. आजीने कडुनिंबाची एक बारीक काडी सोलून गुळगुळीत केली, ते टोक अलगद तिच्यावर घेतले, आणि एक वेढा देऊन वर चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक वेढा. कधी बोटभर दोरा बाहेर येई, कधी तांदळाच्या दाण्याएवढाही येत नसे. ओढण्याची घाई करायची नाही, कारण आत तुटला तर पाय कुजतो, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. आम्ही मुले ओट्याच्या कडेला ओळीने बसून ते पाहत असू, आणि नाना दात ओठांत रोवून आजीच्या हाताकडे पाहत राही. त्याच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवयांत अडकलेला मला अजून दिसतो. दोन हात लांबीचा तो कृमी पुरता बाहेर यावयास किती आठवडे लागले कोण जाणे. मृगाचा पाऊस पडला, शेजाऱ्यांच्या पेरण्या झाल्या, आणि आमच्या शेतात त्या वर्षी तिफण दुसऱ्याच्या हाती गेली.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. फोड फुटला त्या रात्री नाना बाजेवर नव्हता. आजोबा कंदील घेऊन शोधीत गेले, त्यांच्या धोतराचा सोगा धरून मीही गेलो, तो हा गृहस्थ बारवेच्या तळाच्या पायरीवर, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून, डोळे मिटून बसलेला. सकाळी आजीने त्याला फैलावर घेतले. पिण्याच्या पाण्यात जखमेचा पाय घालतोस, तुला काही जनाची नाही तर मनाची? नानाने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘आई, म्या न्हाई गेलो. पाय जळत व्हता. पायच गेला मला घिऊन.’

आजीला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. मलाही तेव्हा तसेच वाटले असावे. पुढे केव्हातरी, मोठेपणी, त्या कृमीचे चरित्र मी वाचले. बारवेच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे सूक्ष्म जलपिसू असतात. नारूची पिल्ले त्यांच्या पोटात असतात. पाण्याबरोबर पिसू माणसाच्या पोटात जातो, पिसू मरतो, पिल्ले उरतात, आणि सुमारे वर्षभर, काहीही वर्दी न देता, मादी माणसाच्या देहात वाढत वाढत खाली पायाकडे उतरते. मग ती कातडीखाली आगीसारखा दाह उत्पन्न करते. माणूस त्या दाहापायी पाण्याकडे धावतो, पाय पाण्यात बुडतो, फोड फुटतो, आणि त्या क्षणी ती आपली लाखो पिल्ले पाण्यात सोडते. तिला जायचे होते ते पाण्यात; पाय तिला नाहीत, म्हणून तिने नानाचे घेतले. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाने स्वतःच्या देहात जे घडले त्याची जी जबानी दिली, तिच्यात शास्त्राला एक अक्षर फिरवण्यासारखे नव्हते.

या रोगावर लस निघाली नाही, औषधही सापडले नाही. 1983-84 च्या सुमारास सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांना कठडे आले, हातपंप बसले, आणि घरोघर सांगितले गेले की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. जलपिसू फडक्यावर अडकतो, एवढेच. भारतातील शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला, आणि 2000 च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. हजारो वर्षे माणसांना पाण्याकडे ओढीत नेणारी ती सत्ता एका फडक्याने उलथली, आणि तरीही या विजयावर मराठीत एकही कादंबरी असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. ती कोणीतरी लिहावी असे मला फार वाटते.

‘पीप्स’मधील रोगाची एक खोड मात्र नारूत नाही, आणि तिच्यापायी मी त्या पुस्तकापुढे हात टेकले. या रोग्यांना क्रूस का सोसवत नाही? तर जुन्या काळच्या श्रद्धाळू माणसांचे क्रूसावर जिवापाड प्रेम होते म्हणून. परजीवी मेंदूत शिरला की रोग्याला पूर्वी जे जे प्रिय होते त्या त्या गोष्टींचा असह्य तिटकारा उत्पन्न करतो. ऊन, आपले घर, आपली माणसे, आरशातला स्वतःचा चेहरा. म्हणजे मग तो सर्वांपासून दूर पळतो आणि रोग दूरवर पसरतो. कॅलची पहिली प्रेयसी सारा हिला एल्व्हिस प्रेस्ली या गायकाचे वेड होते, आणि हडसन नदीपलीकडे होबोकन येथे तिला पकडताना कॅल जे शस्त्र वापरतो ते त्याच गायकाच्या आठवणींच्या वस्तूंचे. ज्या मुलीला काय आवडते हे त्याने प्रेमाने जाणून घेतले होते, तिच्यावर तेच ज्ञान त्याला चालवावे लागते. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. लेखकाने तो फुगवला नाही, एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या साध्या, काहीशा थट्टेच्या बोलीत सांगितला आहे. पण रोगाने माणसाचे प्राण न घेता त्याची आवड तेवढी काढून न्यावी, याहून भीषण कल्पना मला पिशाच्चवाङ्मयात दुसरी आढळली नाही.

उत्तरार्धाविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. शहराच्या पोटातील भुयारांतून प्राचीन काळचे महाकाय कृमी डोके वर काढू लागतात, आणि हा रोग म्हणजे त्यांच्याशी लढण्यासाठी मनुष्यजातीने बाळगलेली एक जुनी फौजच होय असा उलगडा होतो. तो चतुर आहे, पण जी कथा जलपिसवाएवढ्या भयावर उभी राहू शकत होती तिला एवढ्या मोठ्या राक्षसांची गरज नव्हती. भाचीला हे पटत नाही. तिच्या मते शेवटची पन्नास पानेच खरी.

तिने जाताना 2006 साली निघालेला पुढचा भाग, ‘द लास्ट डेज’, माझ्यापाशी ठेवला आहे. तोच रोग, तेच शहर, पण कथा सांगतात एका वाद्यवृंदातील पाच मुले, आणि प्रकरणांना निरनिराळ्या वाद्यवृंदांची नावे दिलेली आहेत, ज्यांपैकी बहुतेक मी कधी ऐकलेली नाहीत. पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही. पण त्यातील एक मुलगी रस्त्याच्या कडेला रंगाच्या बादल्या मांडून त्यांवर ठेका धरते, ती मला भेटल्याबरोबर आवडली, आणि साऱ्या शहराला बाधा झाली तरी चालेल, तिला होऊ नये, असे म्हणत मी निम्म्यापर्यंत आलो आहे.