डिस्कची आतली बाजू

आंबा घाट उतरताना ब्रेकवरचा पाय फारसा निघत नाही. पावसाळ्यानंतर आमच्या गाडीचं स्टिअरिंग याच उतारावर थरथरू लागलं. ब्रेक दाबला की थरथर, सोडला की शांत. पुढं सपाट रस्त्यावर 80 च्या वेगात ब्रेक लावला तर पेडलसुद्धा पायाखाली धडधडायचं. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड काही महिन्यांपूर्वीच नवे टाकले होते, त्यामुळे ब्रेकवर कुणाचा संशयच जाईना. व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पुढचे टायर मागे गेले. थरथर कायम.

शेवटी गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात वाढलेला हा भाग. इथल्या जुन्या कारागिरांना लोखंड हाताला कळतं. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उतरवलं. डिस्क बाहेरून गुळगुळीत, चकचकीत. त्यांनी कॅलिपर बाजूला केला, डिस्क काढून उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. आतल्या बाजूवर नख अडकेल इतक्या खोल रेघा होत्या. आतल्या पॅडची लायनिंग पत्र्याला टेकायला आली होती, बाहेरच्यावर मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

"साहेब, पॅडचा काय दोष न्हाई ह्यात. पिन बघा," मिस्त्री म्हणाले.

कॅलिपरची खालची पिन हातानं हलेना. जोर लावून फिरवत काढली तेव्हा तिच्यावर गंजाचा थर होता आणि रबरी बूट फुगून सैल पडला होता. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि पाय उचलल्यावरही डिस्कला घासत राहतो. या पिनांना सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसनं तिथलं रबर फुगतं. पॅड बदलणाऱ्या गॅरेजनं साधंच ग्रीस फासलं होतं.

रेघांचं कारण कळलं. थरथरीचं अजून नव्हतं.

"डिस्क वाकली" असं गॅरेजात सर्रास म्हणतात. पण ओतीव लोखंडाची डिस्क रोजच्या वापरात सहसा वाकत नाही, तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. मिस्त्रींनी मायक्रोमीटर घेऊन कडेभोवती जाडी मोजली. फरक 0.03 मिलिमीटर निघाला. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी, पण हाताला थरथर जाणवायला याच्याही निम्मा फरक पुरतो.

हा फरक आला कुठून? पॅड टाकताना डिस्क लेथवर घासून घेतली होती आणि हबवरचा गंज न खरवडता तशीच परत बसवली होती. हबवर गंजाची पापडी राहिली की डिस्क किंचित तिरकी बसते. फिरताना तिचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला स्पर्श करतो, ब्रेक लावलेला नसतानाही. हजारो किलोमीटरनंतर तो भाग झिजून पातळ होतो. पॅड बदलल्या दिवशी गाडी अगदी झकास चालते, आणि थरथर सुरू होईपर्यंत त्या कामाची कुणाला आठवणही नसते. चाकाचे नट गननं कमी-जास्त आवळले तरी डिस्क अशीच तिरकी होऊ शकते.

किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आमची डिस्क त्याच्या इतकी जवळ आली होती की पुन्हा घासण्यात अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलल्या, पिना आणि बूट नवे घातले. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं हब धातू दिसेपर्यंत साफ केला, डायल गेज लावून डिस्क फिरवली, काटा 0.05 मिलिमीटरच्या आत राहतो याची खात्री केली आणि नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचनं आवळले. नंतर मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत वेग उतरवण्याचा पाठ पुन्हा पुन्हा करायला लावला, मध्ये ब्रेक थंड होऊ देत. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. त्या एका जागी पॅडचं मटेरियल चिकटतं आणि थरथर नव्यानं सुरू होऊ शकते.

पॅड बदलायला फार वेळ लागत नाही. हब आणि पिना साफ करायला जो थोडा जास्त वेळ लागतो, तोच गॅरेजवाले वाचवतात, आणि कोकणातल्या पावसात, चिखलात, खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाड्यांना तर तोच वेळ सगळ्यात महत्त्वाचा. घाटात उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही हयगय मला अक्षम्य वाटते.

पुढच्या वेळी पॅड बदलाल तेव्हा जुने चारही पॅड मागून घ्या आणि प्रत्येक चाकाची जोडी शेजारी ठेवून बघा. आतल्या-बाहेरच्या जाडीत डोळ्यांना दिसेल इतका फरक असेल, तर पिना काढून, साफ करून दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.